‘व्हाइस प्रेसिडेंट झालीस, मग तू करतेस तरी काय?’

नमस्कार ताई,

मी मूळची बार्शीची, वय ३१. बी.कॉम.नंतर पुण्यात एमबीए केलं आणि आठ वर्षांपासून खराडीतल्या एका परदेशी बँकेच्या ऑफिसात आहे. गेल्या एप्रिलमध्ये प्रमोशन झालं. पद आहे ‘असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट, कंट्रोल्स अँड गव्हर्नन्स’. वडील मार्केट यार्डात एका आडतीवर दिवाणजी आहेत. त्यांनी हौसेनं पेढे वाटले, ‘पोरगी बँकेची व्हाइस प्रेसिडेंट झाली’ म्हणून. तेव्हापासून मला कर्जासाठी फोन येतात. एकानं तर सातबारा आणि आधार कार्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिलं. मी कर्ज देत नाही म्हटलं की लोकांना वाटतं, मोठी झाली आणि गावाला विसरली.

दिवाळीत वडिलांनीच विचारलं, ‘मग तू करतेस तरी काय?’ मला धड सांगता आलं नाही. सकाळी ब्रेक्सचा रिपोर्ट बघते. जुने ब्रेक ज्यांच्या नावावर आहेत त्यांच्या मागे लागते. मेकर-चेकरचे सॅम्पल तपासते, तिमाहीला ऑडिटच्या मुद्द्यांसाठी पुरावे गोळा करते. बाकी दिवसभर मेल आणि कॉल. मी काही बनवत नाही, काही विकत नाही. रात्री जाग येते तेव्हा वाटतं, उद्यापासून मी गेलेच नाही तर कुणाला कळणारही नाही.

आता मोबाइल अ‍ॅपवरून कर्ज देणाऱ्या एका स्टार्टअपची ऑफर आहे. पद ‘लीड, स्ट्रॅटेजिक इनिशिएटिव्हज, फाउंडर्स ऑफिस’. पगार ३० टक्के जास्त. पण या पदावर नक्की काय करायचं, हे तीन राउंडनंतरही कळलेलं नाही. माझा मामेभाऊ एका खासगी बँकेत ‘रिलेशनशिप मॅनेजर’ म्हणून लागला आणि चार महिन्यांत सोडून घरी बसला, त्यामुळे धास्ती वाटते. नवऱ्याच्या डोक्यात दोन वर्षांनी कॅनडाला जायचं आहे. काय करू?

– स., खराडी, पुणे

*

प्रिय स.,

आधी वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर देऊ. ते मिळालं की ऑफरचा निर्णय बराच सोपा होईल, आणि रात्रीची झोपही लागेल अशी मला आशा आहे.

तू काही बनवत नाहीस, काही विकत नाहीस, असं लिहिलंयस. बरोबर आहे. तू तपासतेस. बँकेत होणारा प्रत्येक सौदा निदान दोन ठिकाणी लिहिला जातो. एकदा सौदा करणाऱ्यांच्या सिस्टिममध्ये, एकदा हिशेबाच्या सिस्टिममध्ये. समोरच्या बँकेकडून येणारं स्टेटमेंट हे तिसरं. या नोंदी जुळल्या नाहीत की तुझ्या रिपोर्टमध्ये एक ओळ वाढते, तिला तुम्ही ब्रेक म्हणता. त्या ओळीपुढे रक्कम असते, ती किती दिवसांपासून अडकली आहे ते असतं आणि कुणाच्या नावावर आहे ते असतं. बहुतेक ब्रेक साधे असतात. कुणी तारीख चुकीची टाकलेली असते, कुठे शुल्काची रक्कम दुसऱ्या बँकेनं कापून घेतलेली असते. पण एखादा ब्रेक महिनाभर तसाच राहतो आणि ज्याच्या नावावर आहे तो ‘बघतो, बघतो’ म्हणत राहतो. तिथे तुझं खरं काम सुरू होतं.

हे काम झालं नाही तर काय होतं, हे आपल्या मुंबईनं पाहिलेलं आहे. पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेतून वर्षानुवर्षं हमीपत्रं जात होती. ती स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेवरून जायची. ही यंत्रणा बँकेच्या कोअर बँकिंगशी, म्हणजे हिशेबाच्या मुख्य सिस्टिमशी, जोडलेली नव्हती, त्यामुळे हमी बाहेर जायची आणि बँकेच्या स्वतःच्या वहीत तिची नोंदच नसायची. स्विफ्टवर गेलेले संदेश आणि कोअर बँकिंगमधल्या नोंदी समोरासमोर ठेवून कुणी नेमानं जुळवल्या असत्या, तर पहिल्या काही हमींतच प्रकार उघडा पडला असता. तो उघडा पडला २०१८ च्या सुरुवातीला. तेव्हा आकडा साधारण ११,४०० कोटी सांगितला गेला, पुढे तो १३,००० कोटींच्या वर गेला. नीरव मोदी हे नाव सगळ्यांना पाठ झालं. न झालेली जुळवणी मात्र कुणाच्या लक्षात राहिली नाही.

त्याआधीचं लंडनच्या बॅरिंग्ज बँकेचं उदाहरण तुला ट्रेनिंगमध्ये सांगितलं असेल. १७६२ ची बँक, १९९५ मध्ये बुडाली. सिंगापूरच्या ऑफिसात निक लीसन सौदे करायचा आणि त्याच सौद्यांचा हिशेब ठेवणारा विभागही त्याच्याच हाताखाली होता. तोटा तो ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात दडवत गेला. ८२ कोटी पौंडांच्या वर तोटा झाला आणि आयएनजीनं ती बँक एका पौंडाला विकत घेतली. सौदा करणारा वेगळा आणि तो तपासणारा वेगळा, या नियमासाठी बँका आज एवढी माणसं नेमतात, त्यामागे असल्या बुडालेल्या बँका आहेत. मेकर-चेकरचे, म्हणजे एकानं केलेलं काम दुसऱ्यानं तपासल्याचे, सॅम्पल काढतेस तेव्हा तू हाच नियम कागदावर आहे की खरोखर पाळला जातोय, हे बघत असतेस.

वडिलांना हे कसं सांगायचं? तू ज्या घरात वाढलीस तिथे हे सांगणं सोपं आहे. आडतीवर माल उतरला की काटापट्टी होते आणि संध्याकाळी शेतकऱ्याच्या हातात हिशेबपट्टी पडते. दोन्हींवरचं वजन एकच आहे ना, हमाली-तोलाई कापली ती दराप्रमाणेच आहे ना, आणि सगळं रोजकीर्दीत चढलं ना, हे दिवाणजी बघतो. तुझे वडील आयुष्यभर तेच करत आले आहेत. त्यांना सांग, ‘अण्णा, आमच्या बँकेच्या दोन वह्या जुळतात का, आणि ज्यानं तपासायचं त्यानं खरंच तपासलं का, हे मी बघते. जुळत नसेल तर ते मिटेपर्यंत मी त्या माणसाला सोडत नाही.’ तू त्यांना काय म्हणतेस मला माहीत नाही, अण्णा, बाबा, दादा, जे असेल ते म्हण. पण हे त्यांना जसं कळेल तसं तुझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांनाही कळणार नाही.

कर्जासाठी फोन करणाऱ्यांना लांबड लावू नकोस. ‘आमच्या ऑफिसात ग्राहकच येत नाहीत. इथून कर्ज मंजूर होत नाही आणि माझ्या शब्दानं दुसरीकडेही होणार नाही,’ एवढं पुरे. ज्यांनी सातबारा आणि आधार पाठवलं त्यांना मात्र स्वतः फोन कर. ते कागद तुझ्या फोनमधून काढून टाकल्याचं सांग आणि असे कागद व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाही पाठवू नका, अगदी बँकेतल्या ओळखीच्या माणसालासुद्धा, हेही सांग. गावाला विसरली असं कुणी म्हणणार नाही.

आता ती रात्रीची भीती, की मी गेले नाही तर कुणाला कळणारही नाही. तुझ्या क्षेत्रात याची परीक्षा दरवर्षी होते. नाजूक जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान दहा कामाचे दिवस सुट्टीवर पाठवावं अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे. त्या काळात त्यांचं सिस्टिममधलं लॉग-इनही बंद ठेवतात. दुसरं माणूस त्या खुर्चीत बसलं की दडवलेलं काही असेल तर वर येतं, हा हेतू. परदेशी बँकांतही सलग सुट्टीची अशी पद्धत आहे, तुमच्याकडे तिला ब्लॉक लीव्ह म्हणत असतील. तुला अशी सुट्टी मिळाली असेल तर परत आल्यावर इनबॉक्समध्ये काय होतं ते आठव. कुठले ब्रेक वाढले होते, कुणाचं साइन-ऑफ, म्हणजे शेवटची मंजुरी, थांबलं होतं, कुठल्या टीमनं तुझ्या जागेवरच्या माणसाला तीनदा तोच प्रश्न विचारला होता. आणि अशी सुट्टी अचानक येऊ शकते, म्हणून तुमच्यासारख्या टीममध्ये प्रत्येकाची हँडओव्हर नोट कायम तयार ठेवलेली असते. ती काढून वाच. तुझ्या कामाचं सगळ्यांत खरं वर्णन त्या नोटमध्ये आहे. एचआरनं लिहिलेल्या जॉब डिस्क्रिप्शनपेक्षा किती तरी खरं, कारण ती लिहिताना तुला कुणावर छाप पाडायची नव्हती. तुझ्या मागे काम अडू नये एवढंच पाहायचं होतं.

मी एचआरमध्ये नोकरी काढली, पदनामं ठरवणाऱ्या बैठकांत बसले, त्यामुळे हे नाव तुझ्यापर्यंत कसं पोचलं ते सांगते. तुझ्या पदाचे दोन तुकडे आहेत. ‘असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट’ ही पगाराची पायरी आहे आणि ‘कंट्रोल्स अँड गव्हर्नन्स’ हे विभागाचं नाव. काम या दोन्हींत नाही. बँकांत ही शिडी साधारणपणे अ‍ॅनालिस्ट, असोसिएट, व्हाइस प्रेसिडेंट, डायरेक्टर, मॅनेजिंग डायरेक्टर अशी चढते. पायऱ्या कमी आणि माणसं फार झाली की मध्ये असिस्टंट घालून आणखी एक पायरी करतात. मोठ्या परदेशी बँकेत व्हाइस प्रेसिडेंट हजारोंनी असतात. आपल्या कंपनी कायद्याला संचालक, मॅनेजिंग डायरेक्टर, सीएफओ, कंपनी सेक्रेटरी ही पदं ठाऊक आहेत, त्यांच्यावर कायद्यानं जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. व्हाइस प्रेसिडेंट असं पद त्या कायद्यात नाही. बँकेतला ‘डायरेक्टर’सुद्धा बहुतेक वेळा संचालक मंडळावर नसतो.

आणि एका कंपनीची शिडी दुसरीकडे चालत नाही. टीसीएसमध्ये ‘असिस्टंट कन्सल्टंट’ हे नाव ऐकून गावाकडे वाटेल की पोरगा नवशिका आहे. प्रत्यक्षात ती आयटी अ‍ॅनालिस्टच्या वरची पायरी आहे आणि तिथवर पोचायला बरीच वर्षं जातात. वॉलमार्ट अमेरिकेत दुकानातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला ‘असोसिएट’ म्हणते, इन्व्हेस्टमेंट बँकेत त्याच नावाचा माणूस अनेकदा एमबीए करून आलेला असतो. लग्नाच्या बायोडेटात पद वाचून स्थळ ठरवणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं, असं मला कळकळीनं वाटतं. मुलगा किंवा मुलगी दिवसभर काय करते, हे विचारायला संकोच कसला?

मोठी नावं वाटण्यामागे कंपनीचा हिशेब असतो. पगार वाढवता येत नाही तेव्हा नाव वाढवता येतं. समोरचा ग्राहक ‘वरच्या माणसाशीच बोलायचंय’ म्हणतो तेव्हा वरचं नाव देता येतं. अमेरिकेत याला आणखी एक कारण आहे. तिथे ठरावीक पगाराच्या वर असलेल्या आणि व्यवस्थापनाचं काम करणाऱ्या माणसाला ओव्हरटाइम द्यावा लागत नाही. तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये मांडलेल्या अभ्यासात असं दिसलं, की आठवड्याला ४५५ डॉलर ही जी मर्यादा होती, तिच्या आसपास ‘मॅनेजर’सारख्या पदनामांचा वापर ४८५ टक्क्यांनी वाढतो. नावापुरते मॅनेजर, हाताखाली कुणी नाही. आपल्या न्यायालयांनी या बाबतीत चांगली भूमिका घेतलेली आहे. सिबा गायगी कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये सांगितलं, की माणूस ‘कामगार’ आहे की नाही हे ठरवताना त्याचं मुख्य काम कोणतं ते पाहायचं. जोडीला देखरेखीची चार कामं सांगितली किंवा पदाचं नाव बदललं म्हणून मुख्य काम बदलत नाही.

तुझ्या मामेभावाबद्दल वाचून मला फार वाईट वाटलं, कारण अशी मुलं मी खूप पाहिली आहेत. जिल्ह्याच्या गावातून येतात, घरी ‘मॅनेजर झालो’ म्हणून सांगतात, आणि पहिल्या सोमवारी त्यांच्या हातात टार्गेटचा कागद पडतो. महिन्याला इतकी सेव्हिंग्ज आणि करंट खाती, इतका विमा, इतक्या एसआयपी. खासगी बँकेतला रिलेशनशिप मॅनेजर बहुतेक वेळा विक्रेता असतो. सकाळच्या छोट्या बैठकीत काल किती ग्राहकांचे अर्ज भरून घेतले ते सगळ्यांसमोर सांगायचं, मग ग्राहकांची यादी घेऊन फोन लावत सुटायचं. त्याच्या हाताखाली कुणी नसतं, तो मॅनेज करतो ते फक्त स्वतःचं टार्गेट.

जाहिरातीत हे लिहिलेलं असतं, फक्त विक्री हा शब्द सरळ वापरलेला नसतो. ‘पोर्टफोलिओ वाढवणे’, ‘ग्राहकाशी नातं दृढ करणे’, ‘क्रॉस-सेल’, ‘स्वतःची दुचाकी असल्यास प्राधान्य’. रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची म्युच्युअल फंड वितरकांची परीक्षा किंवा विम्यासाठी ‘स्पेसिफाइड पर्सन’चं प्रमाणपत्र घ्यायला सांगितलं, की काम विक्रीचं आहे हे नक्की समजावं. विकणाऱ्याला ही प्रमाणपत्रं नियमानंच लागतात. म्हणून मुलाखतीतच विचारायचं, ‘मला कुठली परीक्षा द्यावी लागेल?’ त्या उत्तरात पदाचा सगळा उलगडा होतो. मामेभावाला माझ्याकडून सांग, तो कुठल्याही व्यवस्थापनात नापास झालेला नाही. त्याला सेल्समध्ये घातलं आणि ते कुणी त्याला सांगितलं नाही. विक्री हे उत्तम काम आहे, त्यावर लोकांची घरं उभी राहतात, पण ते माहीत असून पत्करायचं असतं. त्याला लोकांशी बोलायची आवड असेल तर त्यानं पुन्हा बाहेर पडावं, फक्त या वेळी टार्गेटचा कागद सही करण्याआधी मागून घ्यावा. चार महिन्यांची नोकरी बायोडेटावर लपवू नये. ‘बँकेत किरकोळ ग्राहकांना विमा आणि म्युच्युअल फंड विकले’ असं सरळ लिहावं.

आता तुझी ऑफर. ‘फाउंडर्स ऑफिस’ या नावाखाली मी तऱ्हेतऱ्हेची कामं पाहिली आहेत. कुणी गुंतवणूकदारांसाठी प्रेझेंटेशन बनवत असतं, कुणी भरती करत असतं, कुणी संस्थापकाच्या कॅलेंडरची राखण करत असतं, आणि कुणी ज्या प्रश्नाला कंपनीत दुसरा कुणी वाली नाही तो प्रश्न सोडवत असतं. शेवटचं काम फार शिकवणारं असतं. तीन राउंडनंतरही तुला कळलं नाही, याचा अर्थ बहुधा त्यांचंही ठरलेलं नाही. त्यात वाईट हेतू असेलच असं नाही, नव्या कंपनीत असं होतं. पण ते ठरवून घेणं तुझ्या हातात आहे.

माझा एक अंदाज आहे. अ‍ॅपवरून कर्ज देणारी कंपनी तुझ्यासारख्या कंट्रोल्समधल्या माणसाला ३० टक्के जास्त देऊन का बोलावते? २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं डिजिटल कर्जांसाठी नियम घातले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्याच खात्यात गेली पाहिजे, मध्ये तिसऱ्याचं खातं नको. कर्जाचा सगळा खर्च आधी लेखी दाखवला पाहिजे. तक्रारीसाठी ठरलेला अधिकारी हवा. अशा कंपनीमागे जी बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी) असते, ती या सगळ्याचे पुरावे मागते, तपासणीला माणसं पाठवते. म्हणजे ‘स्ट्रॅटेजिक इनिशिएटिव्हज’ या नावाखाली तुला कदाचित आजचंच काम करायचं आहे, फरक इतकाच की आज तुझ्यामागे मोठा विभाग आहे आणि तिथे तू एकटी असशील. हे वाईट नाही. धोका दुसरीकडे आहे. विक्रीवाले म्हणतील आज कर्ज वाटा, तू म्हणशील आधी कागद पूर्ण करा. अशा वेळी थांबवायचा अधिकार तुझ्याकडे नसेल आणि जबाबदारी मात्र तुझी असेल, तर ती जागा दुप्पट पगारालाही घेऊ नकोस.

म्हणून संस्थापकाशी एकदा स्वतंत्र बोल, मध्ये एचआर नको. त्याला विचार की ही जागा आज रिकामी का आहे. आधी कुणी होतं का, असेल तर ते का गेलं, नसेल तर हे काम आज कोण करतंय. त्या माणसाशी अर्धा तास बोलू दे म्हणावं आणि त्याला त्याचा मागचा आठवडा सोमवारपासून सांगायला लाव. कुणाच्या मीटिंगा, कुठली शीट, कुणाचे फोन, रात्री किती वाजता. पद काय आहे हे संस्थापकही नीट सांगू शकणार नाही, पण मागच्या आठवड्यात काय केलं हे कुणालाही सांगता येतं. मग विचार, वर्षाअखेरी कुठला आकडा बघून तू मला चांगलं म्हणशील? त्यानं वाटलेल्या कर्जांचा आकडा सांगितला तर तुझं काम तपासण्याचं नाही, हे समज. आणि ३० टक्के वाढ कशावर आहे ते पाहा. ऑफर लेटरमधला फिक्स्ड आणि व्हेरिएबल वेगळा काढ, ईसॉप्स, म्हणजे कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क, वेगळे काढ, आणि फक्त फिक्स्ड आजच्या फिक्स्डशी ताडून बघ. व्हेरिएबल एक तृतीयांशाच्या आसपास असेल तर नाव काहीही असो, तुझ्यावर विक्रीचं किंवा वसुलीचं टार्गेट येणार असं धरून चाल. कंपनीचे संचालक कोण आहेत ते कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसतं, आणि मागची एनबीएफसी नोंदणीकृत आहे की नाही ते रिझर्व्ह बँकेच्या यादीत. तुला तपासायला शिकवायला नको.

सगळं समाधानकारक वाटलं तर एक काम तू कर. पदाचं वर्णन त्यांच्याकडून मागण्याऐवजी स्वतः एका पानात लिहून पाठव आणि मेलवर होकार घे. याला मोठा दाखला आहे. १९३१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये कॅमे साबणाची जाहिरात बघणाऱ्या नील मॅकेलरॉयला आणखी माणसं हवी होती. त्यानं तीन पानांचं टिपण लिहिलं. ‘ब्रँड मॅन’ दिवसभर काय करेल, हे त्यात होतं. कुठल्या भागात किती माल जातो ते अभ्यासायचं, जिथे कमी जातो तिथे स्वतः जाऊन दुकानदारांशी आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं, मग उपाय आखायचा, त्याचा खर्च मांडायचा आणि निकालाची जबाबदारी घ्यायची. आज सगळीकडे दिसणाऱ्या ब्रँड मॅनेजर आणि प्रॉडक्ट मॅनेजर या जागांचं मूळ त्या टिपणात मानतात. तुझ्या पानात पहिल्या तीन महिन्यांत काय करीन, कुणाला रिपोर्ट करीन, आणि नियमात बसत नसलेलं काम थांबवायचा अधिकार मला आहे, हे असू दे. हे शेवटचं वाक्य जर त्यांनी खोडलं किंवा ‘ते आल्यावर बघू’ म्हटलं, तर जाऊ नकोस. मान्य केलं आणि फिक्स्ड पगार खरोखर वाढत असेल, तर जा असंच मी म्हणेन. ३१ व्या वर्षी, आठ वर्षं एका चौकटीत काम केल्यावर, छोट्या कंपनीत पहिल्यापासून कंट्रोल्स उभे करण्याची संधी मोलाची आहे.

आणि कॅनडा. तिथलं इमिग्रेशन खातं पदनामावर विसंबत नाही. त्यांच्या व्यवसाय-सूचीत प्रत्येक कामाला पाच आकडी कोड आहे, २०२२ च्या नोव्हेंबरपासून नवी सूची लागू झाली, आणि त्या कोडखाली मुख्य कामं लिहिलेली असतात. तुझ्या अनुभवपत्रातली कामं त्यांच्याशी जुळली पाहिजेत. ‘व्हाइस प्रेसिडेंट’ बघून कुणी सल्लागार तुला वरिष्ठ व्यवस्थापकाच्या कोडमध्ये बसवायला निघाला तर नकार दे. अर्ज तिथेच अडकेल. तुझी कामं तपासनिसाची आणि विश्लेषकाची आहेत, त्यांना जुळेल तोच कोड घे. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं. त्यात पद, कालावधी, आठवड्याचे तास, पगार आणि मुख्य कामं, हे सगळं हवं. आपल्याकडच्या रिलीव्हिंग लेटरमध्ये नुसतं पद आणि तारखा असतात, आणि नोकरी सोडून वर्ष झालं की एचआरमधली माणसं बदलतात, मॅनेजर दुसरीकडे जातो, मग कामांची यादी लिहून द्यायला कुणी तयार होत नाही. म्हणून ती हँडओव्हर नोट समोर ठेवून कामांचा मसुदा तूच तयार कर, मॅनेजरकडून तपासून घे आणि आत्ताच एचआरकडे सर्व्हिस सर्टिफिकेट माग. नव्या ऑफरचं काहीही ठरो, ते पत्र हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नकोस.